ब्रेड आणि लीडरची गाठ: दुखणं आणि उपाय

खाडीत जिताड्यासाठी ल्युअर (नकली आमिष) मारताना रीळवर २० पौंडी ब्रेड (विणलेली बारीक दोरी) आणि पुढे ४० पौंडी फ्लोरोकार्बन लीडर (ब्रेडच्या टोकाला जोडायचा जाड, एकसंध धागा), हे माझं नेहमीचं गणित. गाठ मात्र दगा द्यायची. डबल युनी गाठीत लीडरलाही वेढे बसतात, त्यामुळे गाठीचा गोळा होतो. फेकताना तो रॉडच्या कड्यांत खटखट आपटायचा आणि नेमकी तिथेच ब्रेड विरायची.

आता एफजी गाठच बांधतो. यात लीडर सरळ राहतो. ब्रेड त्याच्याभोवती एकदा वरून, एकदा खालून अशी आलटूनपालटून गुंफायची. १८-२० वेढे पुरतात. खरी मेख आहे ती ब्रेड ताणलेली ठेवण्यात. जरा ढिली पडली की वेढे एकमेकांवर चढतात, मग बसा उसवत! मी रॉड गुडघ्यांत धरतो आणि ब्रेडचं मोकळं टोक करंगळीला गुंडाळतो.

वेढे झाले की ब्रेड-लीडर दोन्हींवर मिळून एक अर्धी गाठ. मग थुंकी लावून दोन्ही बाजूंना दणकून ओढायचं. हाताला फडकं गुंडाळा, ब्रेड बोट कापते. वेढे आवळून गडद दिसले म्हणजे ब्रेड लीडरमध्ये रुतली. रंग बदलला नाही तर ती गाठ सरळ कापून टाका. शेवटी लीडरचं शेपूट छाटून नुसत्या ब्रेडवर चार-सहा अर्ध्या गाठी.

हलत्या होडीत, वाऱ्यात हे मला जमत नाही. तिथे अल्ब्राइट गाठ मारून मोकळा होतो, नाहीतर घरूनच लीडर जोडून निघतो.