टाइप रूपांतराचे नियम वाचताना आणि नीट लिहिताना या चुका टाळा

एका टाइपची, म्हणजे प्रकारची, किंमत दुसऱ्या टाइपमध्ये नेणे म्हणजे टाइप रूपांतर. त्याचे नियम प्रोग्रामिंग भाषेच्या स्टँडर्डमध्ये किंवा स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अधिकृत नियमावलीत, असतात आणि ते दुरुस्त करण्याचे प्रस्तावही मांडले जातात. सी भाषेच्या स्टँडर्डमधला एक नियम घ्या. अनसाइन्ड (उणे किंमत न ठेवणाऱ्या) पूर्णांकात न मावणारी किंमत आली, तर त्या टाइपच्या कमाल किमतीहून एकाने मोठी संख्या पुन्हा पुन्हा मिळवायची किंवा वजा करायची, किंमत टप्प्यात येईपर्यंत. म्हणजे उणे १ चे ३२ बिटांच्या अनसाइन्ड इंटमध्ये (इंट हा पूर्णांकाचा नेहमीचा टाइप) रूपांतर करताना ४२९४९६७२९६ मिळवा, उत्तर ४२९४९६७२९५.

सोपे वाटते. पण बारकाईने वाचणारा विचारतो, ४२९४९६७२९६ ही संख्या अनसाइन्ड इंटमध्ये मावतच नाही, मग मिळवायची कशी? ३२ बिटांत तिचे शून्य होते, आणि शून्य कितीही वेळा मिळवले तरी उणे १ जागचे हलत नाही. ही खुसपट काढण्याची हौस नव्हे. सी ९९ मध्ये, म्हणजे स्टँडर्डच्या १९९९ च्या आवृत्तीत, याच नियमाला तळटीप आहे: ही आकडेमोड गणिती किमतीवर करायची, कुठल्याही टाइपच्या एक्स्प्रेशनच्या (कोडमधल्या पदावलीच्या) किमतीवर नाही.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. ‘किंमत’ हा शब्द वाचताना आपण गणितातली संख्या धरतो की मेमरीतले बिट, हे आपले आपल्यालाच माहीत नसते. रूपांतराचे वाक्य संदिग्ध वाटले की आधी त्यातल्या प्रत्येक किमतीला विचारा, तू कुठली? निम्मे वाद तिथेच मिटतात.

टीप टाकून मोकळे होणे

संदिग्धता दिसली की खाली एक टीप किंवा उदाहरण जोडायचे, ही दुसरी सवय. मीही हे केले आहे, आणि मान्य करतो, फार समाधान वाटते. पण सी ९९ च्या प्रस्तावनेतच म्हटले आहे की टिपा, तळटिपा आणि उदाहरणे केवळ माहितीसाठी आहेत. मूळ वाक्याचे दोन अर्थ निघत असतील, तर टीप त्यातला एक सुचवते. दुसरा रद्द करत नाही. वरच्या नियमाचे निभावते, कारण दुसऱ्या अर्थाने तो नियम कुठेच पोचत नाही. प्रत्येक वेळी नशीब इतके चांगले नसते. वाक्यच बदला.

रूपांतर केव्हा, हे न सांगणे

‘उजव्या बाजूचे डाव्या बाजूच्या टाइपमध्ये रूपांतर होते.’ असे वाक्य लिहिले की लेखकाला काम संपल्यासारखे वाटते. पण आधी की नंतर? जावात इंट टाइपच्या एक्सची किंमत उणे १ आहे आणि त्यावर += (मिळवून निकाल त्यातच ठेवणे) वापरून ०.५ मिळवले. ०.५ चे रूपांतर आधी झाले, तर त्याचे शून्य होते आणि एक्स उणे १ राहतो. बेरीज आधी झाली, तर उणे ०.५ येते, अपूर्णांक गळतो आणि एक्स शून्य होतो. जावाचे स्पेसिफिकेशन इथे शंका ठेवत नाही: आधी दोन्हींवर क्रिया, मग संपूर्ण निकालाचे डाव्या बाजूच्या टाइपमध्ये रूपांतर. म्हणून उत्तर शून्य. ‘होते’ या क्रियापदामागे क्रम लपतो. नियम लिहिताना तो उघड लिहा.

नावाला वचन समजणे

जावात इंटवरून फ्लोटवर (अपूर्णांकही ठेवणाऱ्या टाइपवर) जाणे हे ‘वायडनिंग’ रूपांतर. रुंद होते म्हणजे काही सांडत नाही, असे वाचणाऱ्याने १६७७७२१७ फ्लोटमध्ये टाकून पाहावे. बाहेर १६७७७२१६ येते, कारण फ्लोटकडे अर्थपूर्ण बिट २४ च आहेत. अचूकता कमी होऊ शकते, हे स्पेसिफिकेशन स्पष्ट सांगते. आपण मथळा वाचून थांबतो.

कास्ट आणि रूपांतर यांची सरमिसळ याच जातीची. सीमध्ये कास्ट म्हणजे कंसात टाइप लिहून मागितलेले रूपांतर. आपोआप घडते ते रूपांतरच, पण कास्ट नव्हे. ‘इम्प्लिसिट कास्ट’ गप्पांत चालतो, दुरुस्तीच्या प्रस्तावात नको.

‘माझ्या कंपाइलरवर चालते’

सीमध्ये साइन्ड (उणे किंमतही ठेवणाऱ्या) पूर्णांकात न मावणारा पूर्णांक टाकला, तर निकाल इम्प्लिमेंटेशन-डिफाइन्ड: कंपाइलरने काहीतरी ठरवून ते लिहून ठेवायचे. न मावणारा फ्लोट इंटमध्ये टाकला, तर वर्तन अनडिफाइन्ड: कसलीच हमी नाही. दोन्हींना ‘स्टँडर्डने सांगितलेले नाही’ म्हणून एकाच पोत्यात भरू नका. त्यात भाषाही बदलतात. सी++२० पासून पूर्णांकांचे हे रूपांतर पक्के ठरले. २०० ही किंमत ८ बिटांच्या साइन्ड टाइपमध्ये उणे ५६ च होते. मात्र साइन्ड बेरजेतला ओव्हरफ्लो (उत्तर टाइपमध्ये न मावणे) तिथेही अनडिफाइन्डच राहिला, आणि दोन्ही गोष्टी एकच समजणारे पुष्कळ भेटतात.

न मावणाऱ्या फ्लोटच्या बाबतीत जावा इंट किंवा लाँग (मोठा पूर्णांक) टाइपच्या टोकाची किंमत देते आणि नॅनचे (‘संख्या नाही’ या खास किमतीचे) शून्य करते. गो ही भाषा म्हणते, रूपांतर यशस्वी होईल, पण किंमत इम्प्लिमेंटेशनवर अवलंबून. रस्ट या भाषेत ‘ॲज’ (as) या शब्दाने केलेल्या अशा रूपांतरातून अनडिफाइन्ड वर्तन उद्भवू शकत होते, २०२० च्या १.४५ आवृत्तीपासून तिथेही टोकाची किंमत आणि नॅनला शून्य मिळते. एका भाषेची सवय घेऊन दुसरीचे वाक्य वाचले, की नसलेली संदिग्धता दिसते आणि असलेली सुटते.

स्पष्टीकरणाच्या नावाखाली बदल

अनसाइन्ड शॉर्टमधल्या (शॉर्ट हा छोटा पूर्णांक टाइप) १ मधून २ वजा केले, तर उत्तर शून्यापेक्षा लहान येते का? शॉर्टहून इंट मोठा असलेल्या मशीनवर जुने काही सी कंपाइलर अनसाइन्डपणा जपत आणि उत्तर ‘नाही’ येई. १९८९ च्या ॲन्सी सीने, म्हणजे सीच्या पहिल्या अधिकृत स्टँडर्डने, किंमत जपणारा नियम निवडला. शॉर्टचा आधी इंट झाला आणि उत्तर ‘हो’ झाले. प्रोग्राम तोच, कंपाइलर बहुधा तक्रार न करता वेगळे उत्तर देणार. स्टँडर्ड ठरवणाऱ्या समितीने मात्र हे झाकले नाही. आपल्या स्पष्टीकरण-दस्तऐवजात तिने याला ‘मूक बदल’ म्हटले आणि रूढ वापरात केलेला सर्वांत गंभीर बदल असल्याचे नोंदवले.

म्हणून नवे वाक्य मांडण्याआधी जुन्या आणि नव्या वाक्यातून हीच इनपुट चालवून पाहा: टाइपची कमाल किंमत, तिच्याहून एक जास्त, उणे १, उणे ०.५ आणि नॅन. जुन्या वाक्यातून निघू शकणाऱ्या अर्थांपैकी एकाशीही नवे उत्तर जुळत नसेल, तर प्रस्तावाच्या मथळ्यातला ‘स्पष्टीकरण’ शब्द खोडा आणि ‘बदल’ लिहा.