फुकटच्या टेम्प्लेटमध्ये आपला धंदा: एका लाकडी घाण्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट

नेटवर ‘फ्री बिझनेस प्लॅन टेम्प्लेट’ असं टाकलं की हव्या तेवढ्या फाइली उतरवून घेता येतात. बहुतेकांचं पहिलं पान एक्झिक्युटिव्ह समरीचं असतं आणि नवा माणूस तिथेच अडकून पडतो. धंदाच अजून उभा नाही, तर सारांश कशाचा लिहिणार? मग ‘आमची दूरदृष्टी’, ‘दर्जेदार सेवा’ अशी चार वाक्यं कुठून तरी उचलली जातात आणि फाइल तशीच पडून राहते.

मी कराडला एका कर सल्लागारांच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते. त्यामुळे गावाकडचं कुणी बँकेत जायला निघालं की आधी माझ्याकडे येतं: ‘ताई, जरा रिपोर्ट बनवून दे.’ पिठाची गिरणी, शेवयांचं मशीन, बेकरी असे बरेच रिपोर्ट हाताखालून गेले. इथे उदाहरण घेते ते माझ्या वहिनीच्या लाकडी घाण्याचं, कारण त्याचा हिशेब सरळ आहे. माझं म्हणणं एवढंच, की टेम्प्लेट मागून पुढे भरायचं. आधी एका नगाचा हिशेब, मग महिन्याचा, मग वर्षाचा, आणि शब्द सगळ्यात शेवटी.

टेम्प्लेट कोणतं घ्यायचं यावर फार वेळ घालवू नका. अमेरिकन सरकारच्या स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचे नमुने फुकट मिळतात, एक सविस्तर आणि एक एका पानाचा. नऊ चौकटींचा बिझनेस मॉडेल कॅनव्हास सगळीकडे आहे. विचार स्पष्ट व्हायला तो चांगला, पण बँकेत तेवढ्याने भागत नाही. आपल्याकडे कर्जासाठीच लिहायचं असेल तर खादी ग्रामोद्योग आयोगाने पीएमईजीपीसाठी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, कर्ज आणि अनुदानाची केंद्राची योजना) दिलेले नमुना प्रकल्प आणि सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेचे मॉडेल डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवालाचे नमुने, जास्त कामाचे. बँकेला जे तक्ते बघायची सवय आहे, तेच त्यात असतात: प्रकल्प खर्च, भांडवल उभारणी, उत्पन्न-खर्च, परतफेड. सांगाडा तिथून घ्या, आकडे मात्र एकही घेऊ नका. नमुन्यातले दर जुने असतात. वर्षाला ३०० दिवस काम, पहिल्या वर्षी क्षमतेच्या ६० टक्के, मग ७०, मग ८० अशी ठरीव चढण असते. एजंटाने पैसे घेऊन केलेल्या रिपोर्टातही बरेचदा तेच आकडे दिसतात, आणि बँकेतल्या माणसाने ते इतक्यांदा पाहिलेले असतात की पान उलटायच्या आधीच त्याला कळतं.

अमेरिकन नमुन्यातलं एक्झिट स्ट्रॅटेजी (धंद्यातून पुढे बाहेर कसं पडणार), मॅनेजमेंट टीम वगैरे बिनधास्त काढून टाका. एकटी बाई आणि एक मदतनीस, यात कसली टीम?

आता एका लिटरचा हिशेब. घाण्याच्या कोटेशनसोबत मशीनवाल्याने कागद दिला होता, त्यावर शेंगदाण्याचा उतारा, म्हणजे दाण्यांच्या वजनाच्या मानाने निघणारं तेल, ४५ टक्के लिहिला होता. वहिनी म्हणाली, ‘आपण काढून बघू.’ शेजारच्या गावात एकाचा घाणा चालू आहे, तिथे ती १० किलो शेंगदाणे घेऊन गेली. तेल निघालं तेव्हा चांगलं दिसत होतं, गढूळ पण भरपूर. तिने ते लगेच मोजलं नाही. स्टीलच्या पातेल्यात झाकून दोन दिवस ठेवलं, खाली गाळ बसला, वरचं निथळ तेल काढून मोजलं तर ४ लिटर. म्हणजे लिटरला अडीच किलो दाणे. लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम, तेव्हा उतारा ३६ टक्क्यांच्या आसपास. कागदावरच्या ४५ ने हिशेब केला असता तर तो पहिल्याच महिन्यात कोलमडला असता. तुमचा धंदा कोणताही असो, ही एक चाचणी स्वतः करा. किलोभर डाळीचे पापड किती, मैद्याच्या एका पोत्यात पाव किती, हे दुसऱ्याच्या कागदावरून घेऊ नका.

पुढचे दर आमच्या रिपोर्टातले. ते तुमच्या बाजारात वेगळे असतील, तेव्हा रीत तेवढी घ्या. दाणे १२० रुपये किलो, अडीच किलोचे ३००. बाटली, बूच, लेबल १६. वीज ६, वाहतूक ८. झाले ३३०. पेंड निघते साधारण १.४ किलो, ती जनावरांसाठी ३५ रुपयांनी जाते, म्हणजे ४९ परत आले. एक लिटर पडलं २८१ ला. बाटलीवर किंमत ४००, पण दुकानदाराला ३५० ने द्यावी लागते. उरले ६९. हे ६९ रुपये म्हणजे सगळ्या रिपोर्टाचा पाया. पेंडेचा रकाना कोणत्याही टेम्प्लेटमध्ये नव्हता, तो आम्ही घातला. तो नसता तर लिटरमागे २० च रुपये उरत होते आणि वहिनीने घाण्याचा नाद सोडला असता.

महिन्याचा ठरलेला खर्च: जागेचं भाडं ५,०००, मदतनीस १२,०००, किरकोळ आणि दुरुस्ती २,५००, कर्जाचा हप्ता आणि व्याज मिळून ९,५०० (ते कसे, पुढे येतं). बेरीज २९,०००. याला ६९ ने भागा, ४२० लिटर. पण यात वहिनीचा पगार कुठे आहे? घरच्या बाईच्या कष्टाला शून्य किंमत धरून काढलेले नफे मी खूप पाहिलेत. तिचे १२,००० धरले की ४१,००० होतात आणि लिटर होतात जवळजवळ ६००. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज २३ लिटर. १५ किलोच्या एका घाणीला (एका वेळच्या गाळपाला) ६ लिटर निघतं, म्हणजे रोज चार घाण्या. हे जमण्यासारखं आहे.

मग खरा प्रश्न येतो, घेणार कोण? टेम्प्लेटमध्ये ‘मार्केट अ‍ॅनॅलिसिस’ असं मोठं प्रकरण असतं आणि लोक तिथे भारतातल्या खाद्यतेलाची उलाढाल लिहितात. त्याचा काडीचा उपयोग नाही. चार-पाच माणसांच्या घराला महिन्याला तीन ते चार लिटर तेल लागतं असं धरा. ६०० लिटर म्हणजे १५० ते २०० घरं, आणि तीही स्वयंपाकाला फक्त घाण्याचंच तेल वापरणारी. वहिनीने वही घेतली आणि ओळखीतली घरं, बचत गटातल्या बायका, दोन किराणा दुकानं, एक मेस अशी नावं लिहायला सुरुवात केली. पुढे प्रत्येकाच्या नावासमोर ‘सध्या कोणतं तेल, किती, काय दराने’. ती पानं टाइप करून आम्ही रिपोर्टाला जोडली. मार्केट अ‍ॅनॅलिसिस म्हणून तेवढंच.

आणखी एक मिळकत त्या वहीतूनच निघाली. ‘आमचे घरचे दाणे आहेत, गाळून द्याल का?’ असं बऱ्याच जणींनी विचारलं. त्याला किलोवर मजुरी घेता येते, दाण्यांत आपला पैसा अडकत नाही, शिवाय उधारीचाही प्रश्न नाही. टेम्प्लेटमध्ये उत्पन्नाची एकच ओळ असेल तर अशा वेळी दुसरी वाढवा. मात्र विकायचं तेल सुटं देता येत नाही, खाद्यतेल बंद पॅकिंगमध्येच विकायचा नियम आहे. म्हणून बाटली आणि लेबलचा खर्च टाळता येईल असं समजू नका.

मग दर हलवून बघा. दाणे १० रुपयांनी महागले की लिटरला २५ रुपये जातात. ६९ चे राहतात ४४, आणि ६०० लिटरच्या जागी सव्वानऊशेच्या वर विकावे लागतात. एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये हे सेकंदात दिसतं, फक्त आकडा हाताने न लिहिता सूत्र घातलेलं हवं. दाण्याचा दर एकाच चौकटीत ठेवा आणि बाकी सगळं तिला जोडा. फुकटच्या फाइलींत पुष्कळदा सूत्रांच्या जागी नुसते आकडेच पेस्ट केलेले असतात, ते आधी तपासा.

नवखे लोक सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतात ते महिनावार रोकड तक्त्याकडे. आम्ही प्रकल्प ६ लाखांचा धरला होता: घाणा, गाळणी, वजनकाटा, वीजजोडणी मिळून ३ लाख ६० हजार आणि खेळतं भांडवल २ लाख ४० हजार. वरवर पुरेसं वाटतं. पण ६०० लिटरला १५ क्विंटल दाणे लागतात, ते महिन्याचे एकदम घेतले तर १ लाख ८० हजार. निम्मा माल दुकानदारांकडे महिन्याच्या उधारीवर, म्हणजे ३०० लिटरचे १ लाख ५ हजार अडकलेले. झाले २ लाख ८५ हजार. नफा दिसत असतानाच हातात ४५ हजार कमी. यावर वहिनीने दोन गोष्टी ठरवल्या, दाणे पंधरवड्याचेच भरायचे आणि सुरुवातीचे सहा महिने एकाच दुकानाला उधार द्यायचं. दोन्ही रिपोर्टात लिहिल्या. खरिपाची शेंग बाजारात येते त्या सुमारास दर सहसा उतरतात, तेव्हा साठा करायचा मोह होतो. पण तीन महिन्यांचे दाणे म्हणजे ५ लाख ४० हजार, जवळपास अख्ख्या प्रकल्पाएवढे. तो बेत दुसऱ्या वर्षावर टाकला. बारा महिन्यांची विक्रीही सारखी लिहू नका. दिवाळीच्या आधी उठाव वेगळा, मे महिन्यात वेगळा.

भांडवल उभारणीचा तक्ता योजनेप्रमाणे बदलतो. पीएमईजीपीत ग्रामीण भागातल्या महिलेला स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात आणि अनुदान ३५ टक्के असतं. खुल्या प्रवर्गातल्या पुरुषाला स्वतःचे १० आणि अनुदान ग्रामीण भागात २५, शहरात १५. आमच्या ६ लाखांत वहिनीचे ३० हजार, बँकेचे ५ लाख ७० हजार, आणि अनुदान २ लाख १० हजार. हे अनुदान हातात मिळत नाही. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि नंतर कर्जात वळतं होतं. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही, पण आम्ही हिशेब कडक ठेवायचा म्हणून पूर्ण रकमेवर ११ टक्के व्याज धरलं. यंत्रासाठीच्या ३ लाख ६० हजारांतून वहिनीचे ५ टक्के गेले की उरतात ३ लाख ४२ हजार, त्यांचा पाच वर्षांचा हप्ता साधारण ७,४००, खेळत्या भांडवलाचं व्याज २,१००. वरचे साडेनऊ हजार आले ते इथून. जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरता येत नाही, आणि या योजनेचं पहिलं कर्ज नव्या उद्योगालाच मिळतं. घाणा आधीपासून चालू असेल तर मुद्रा (लहान धंद्यांसाठीची केंद्राची कर्ज योजना) किंवा सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना बघा. दुसरीत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे आणि मदतीला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. योजनांच्या मुदती आणि अटी बदलत राहतात, म्हणून टक्केवारी तक्त्यात घालण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर ताजा नियम वाचाच.

कर्जफेड झेपेल का हे बघायला बँक डीएससीआर नावाचं गुणोत्तर काढते, त्या नावाला लोक उगीच घाबरतात. सगळे खर्च जाऊन कर्जासाठी हाती किती उरतं, भागिले कर्जापोटी किती द्यायचं. महिन्याला ७५० लिटर गेले तर ७५० गुणिले ६९ म्हणजे ५१,७५०. त्यातून भाडं, मदतनीस, किरकोळ आणि वहिनीचे मिळून ३१,५०० वजा, राहिले २०,२५०. भागिले ९,५००, म्हणजे २.१ च्या पुढे. ६०० लिटरला हाच आकडा जेमतेम १ येतो. बँकांना साधारण दीडच्या वर बघायला आवडतं. पहिल्या वर्षी आकडा कमी असेल तर कमीच लिहा आणि दुसऱ्या वर्षी तो कशाने वाढणार ते एका ओळीत सांगा. घसारा, म्हणजे यंत्राची दरवर्षी घटणारी किंमत, १५ टक्के धरा, आयकराच्या दराने.

हे सगळं झालं की शब्द लिहायला एक संध्याकाळ पुरते. व्यवसायाची ओळख, जागा, कच्चा माल कुठून, ग्राहक कोण, अडचण आली तर काय, आणि सगळ्यात शेवटी तो सारांश, अर्ध्या पानात. तक्ते धरून आठ-दहा पानं पुरेत. मजकूर मराठीत चालतो की नाही हे शाखेत विचारून घ्या. आम्ही मजकूर मराठीत आणि तक्ते इंग्रजीत ठेवले, कुणाची तक्रार आली नाही. सोबत जीएसटीसह कोटेशन, जागेचा भाडेकरार, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी; ती फुकट असते, त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नका) आणि अन्न परवान्याची नोंदणी. कोटेशन दोन पुरवठादारांची घ्या, कारण पैसे बहुधा थेट त्यांच्याच खात्यात जातात, आणि नंतर पुरवठादार बदलायचा म्हटलं की पुन्हा कागद.

बँकेत मी वहिनीसोबत गेले, पण बोलू तिलाच दिलं. साहेबांनी पानं चाळली, वहीच्या यादीवर थांबले आणि विचारलं, ‘ताई, पेंड कोण घेतं तुमची?’ ती म्हणाली, ‘आमच्या गल्लीत चार गोठे आहेत साहेब, आत्ताच सांगून ठेवलंय त्यांनी.’ पुढचे प्रश्न दाण्याच्या दरावर आले, आणि त्याचा तक्ता तिने स्वतःच उघडून दाखवला. तुम्ही रिपोर्ट कुणाकडूनही टाइप करून घ्या, पण टेबलापलीकडच्या माणसाने कुठल्याही आकड्यावर बोट ठेवलं तर तो कुठून आला हे तुम्हाला तोंडपाठ पाहिजे. जाण्याआधी घरातल्या कुणाला तरी समोर बसवा आणि तक्त्यातला कोणताही आकडा विचारायला सांगा. जिथे अडखळाल तो रकाना पुन्हा करा.