आक्षेप नेमका कुठल्या चौकटीवर? युक्तिवादाचा नकाशा काढायला शिकताना

वादविवाद स्पर्धेची तयारी चालली होती. विषय होता ‘शेतीपंपांना दिवसाच वीज मिळाली पाहिजे’. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातली निम्म्याहून जास्त मुलं ऊस आणि भाजीपाला करणाऱ्या घरांतली, त्यामुळे विषय पाठ करायची कुणाला गरज नव्हती. बाजूने बोलणारी मुलगी म्हणाली, “रात्री पाण्याला जाताना पायाखाली साप असतो, उसात बिबट्या असतो. माणसांचा जीव जातो.” विरोधातला मुलगा ताडकन उठला, “मग ऑटो बसवा की! लाइट आली की मोटार आपोआप चालू होते. जायचं कशाला?” वर्गानं टाळ्या वाजवल्या आणि ती मुलगी खाली बसली. आपलं म्हणणं खरं आहे हे तिला ठाऊक होतं, पण उत्तर सापडत नव्हतं.

मी अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवते. तरी त्या क्षणी मलाही बोट ठेवून सांगता आलं नाही. रात्री घरी लॅपटॉपवर तिच्या बोलण्याचा नकाशा मांडला आणि दहा मिनिटांत चूक दिसली. तेव्हापासून तर्कशास्त्राच्या तासाला आणि स्पर्धेच्या तयारीला मी हे साधन सोडलेलं नाही. ते कसं वापरायचं, ते याच उदाहरणावरून सांगते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. हा माइंड मॅप नाही. माइंड मॅपमध्ये ‘शेती’ या शब्दाला ‘पाणी’ जोडलं की झालं. रेघेचा अर्थ एवढाच की दोघांचा काही संबंध आहे. युक्तिवादाच्या नकाशात प्रत्येक चौकटीत पूर्ण वाक्य हवं, खरं किंवा खोटं ठरवता येईल असं. वर निष्कर्ष, खाली आधारविधानं. रेघ वरून खाली वाचली की ‘कारण’ आणि खालून वर वाचली की ‘म्हणून’. मोठ्यानं वाचून बघा. ‘कारण’ जिभेवर अडखळलं तर जोडणी चुकली आहे.

असे नकाशे कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून काढले जात आहेत. इंग्लंडमधले तर्कशास्त्रज्ञ रिचर्ड व्हेटली यांच्या तर्कशास्त्रावरच्या 1826 च्या पुस्तकात युक्तिवादाची झाडासारखी आकृती आहे, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कायद्याचे अभ्यासक जॉन हेन्री विग्मोर यांनी खटल्यातला पुरावा मांडायला मोठाले तक्ते काढले. मेलबर्न विद्यापीठात टिम व्हॅन गेल्डर यांनी विद्यार्थ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवलं. आजचं ‘रॅशनाल’ (Rationale) हे सॉफ्टवेअर त्याच परंपरेतलं. हातानं काढताना एक चौकट हलवायची तर सगळा कागद खोडावा लागतो. पडद्यावर ती उचलून दुसरीकडे ठेवता येते, म्हणून मूल चूक दुरुस्त करायला कंटाळत नाही. माझ्या मते सॉफ्टवेअरचा खरा उपयोग एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

कुठलं घ्यायचं? मी ‘माइंडमप’ वापरते. ते ब्राउझरमध्ये चालतं आणि नकाशा गुगल ड्राइव्हवर ठेवता येतो. नवा नकाशा उघडताना युक्तिवादाचा प्रकार निवडा, साधा माइंड मॅप नको. ‘कियालो’ हे 2017 मध्ये सुरू झालेलं व्यासपीठ बाजू आणि विरोध अशा फांद्यांमध्ये सगळा वर्ग एकत्र लिहितो तेव्हा छान. शाळांसाठी त्याची वेगळी आवृत्ती आहे. पण दोन विधानं मिळून एक कारण होतं, हे त्यात दाखवता येत नाही, आणि मला नेमकं तेच शिकवायचं असतं. ज्यांना टाइप करणं आवडतं त्यांनी ‘आर्गडाउन’ पाहावं. साधा मजकूर लिहायचा, कारणापुढे अधिकचं चिन्ह, आक्षेपापुढे उण्याचं. नकाशा ते स्वतः काढतं. कॉम्प्युटरची खोली मिळाली नाही तर मी फळा आणि रंगीत खडू वापरते, आणि नियम तेच ठेवते.

पहिला नकाशा आपल्याच परंपरेतला काढा. न्यायदर्शनातलं, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातलं, उदाहरण सगळ्यांनी ऐकलेलं असतं: डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो. वर लिहा, ‘त्या डोंगरावर आग आहे.’ खाली लिहा, ‘त्या डोंगरावर धूर आहे.’ आता विचारा, एवढ्यावरून वरचं वाक्य निघतं का? नाही निघत. शेजारी आणखी एक चौकट लागते: ‘जिथे धूर असतो तिथे आग असते, जसं स्वयंपाकघरात.’ या दोन चौकटी एकत्र बांधा, कारण त्या मिळून एक कारण आहे. न्यायदर्शन अनुमान पाच पायऱ्यांत मांडतं. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन या पाच अवयवांत ‘उदाहरण’ वेगळं काढून का सांगायचं, हे माझ्या मुलांना या दोन चौकटींनी समजलं. बोलताना आपण हेतू, म्हणजे कारण, सांगतो आणि व्याप्ती, म्हणजे ‘जिथे धूर तिथे आग’ हा नियम, गिळून टाकतो. ती गिळलेली चौकट बाहेर काढायची सवय म्हणजेच चिकित्सक विचार, असं मी मानते.

आता विजेचा नकाशा. वरच्या चौकटीत: ‘शेतीपंपांना दिवसाच वीज मिळाली पाहिजे.’ त्या मुलीनं खाली काय दिलं होतं? फक्त ‘रात्री शेतात जाणं जिवाला धोक्याचं आहे.’ इथे दोन नियम लावायचे. इंग्रजीत शिकवणारे पहिल्याला सशाचा नियम म्हणतात: जादूगारासारखा टोपीतून ससा काढायचा नाही. निष्कर्षातला प्रत्येक महत्त्वाचा शब्द खालच्या कुठल्यातरी चौकटीतून आलेला हवा. दुसरा नियम हात धरण्याचा: खालच्या एका चौकटीत आलेला आणि निष्कर्षात नसलेला शब्द शेजारच्या चौकटीतही हवा, एकट्यानं लोंबकळता कामा नये. तर्कशास्त्र शिकलेल्यांना यात मध्यपद, म्हणजे दोन आधारविधानांना जोडणारा शब्द, ओळखू येईल.

पहिला नियम लावला. निष्कर्षात ‘वीज’ आहे, खाली कुठेच नाही. ‘पाहिजे’ आहे, तेही खाली नाही. मग ‘वीज’ आणणारी चौकट जोडली: ‘रात्री वीज दिली की शेतकऱ्याला रात्री शेतात जावं लागतं.’ ‘पाहिजे’ आणणारी जोडली: ‘जी व्यवस्था माणसाला जिवाच्या धोक्यात घालते ती, पर्याय असेल तर, बदलली पाहिजे.’ आता ‘पर्याय’ हा शब्द एकटा पडला, म्हणून हात धरायला चौथी: ‘दिवसा वीज देणं हा पर्याय उपलब्ध आहे.’ एका वाक्यात बोललेली गोष्ट चार चौकटींवर उभी होती, आणि त्यांतल्या तीन तिनं उच्चारल्याच नव्हत्या. या चारही एकमेकींना बांधलेल्या आहेत. एक पडली तर सगळं कारण पडतं.

मग मी ऑटोचा आक्षेप लाल चौकटीत लिहिला आणि तो कुठे चिकटतो ते पाहिलं. साप आणि बिबट्याच्या चौकटीला तो धक्काही लावत नव्हता. धोका आहे हे त्या मुलालाही मान्यच होतं. आक्षेप होता न उच्चारलेल्या चौकटीवर, ‘रात्री शेतात जावं लागतं’ हिच्यावर. म्हणून ती मुलगी सापाचे आणखी दाखले देत राहिली असती तरी उपयोग झाला नसता.

दुसऱ्या दिवशी हा नकाशा मी वर्गात पडद्यावर लावला आणि विचारलं, “रात्री शेतात जावं लागतं, ते कशाला?” मागच्या बाकावरून आवाज आला, “मोटार चालू करायला.” आणि लगेच दुसरा, “आणि दारं धरायला, मॅडम!” ज्यांनी पाटानं पाणी दिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: एक सरी भरली की खोऱ्यानं माती ओढून तिचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं. वीज असेपर्यंत माणूस चिखलात उभाच असतो. ही दोन कारणं मात्र सुटी आहेत, म्हणून दोन वेगळ्या फांद्या. ऑटोनं पहिली तोडली, दुसरी जशीच्या तशी राहिली. त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. तिचं उत्तर सबंध वेळ तिच्या घरच्या वावरात होतं.

बांधलेली कारणं आणि सुटी कारणं यांतला हा फरक नीट घटवून घ्या. बांधलेल्यांपैकी एक पाडलं की बाकीची निकामी होतात. सुट्यांपैकी एक पाडलं तर बाकीची उभी राहतात. वादात आपण सुटं कारण पाडतो आणि सगळा वाद जिंकलो असं समजतो.

विरोधातला मुलगाही थांबला नाही, याचा मला तितकाच आनंद झाला. त्यानं ‘दारं धरायला’ या चौकटीखाली लाल चौकट जोडली: ‘ठिबक असेल तर दारं धरावी लागत नाहीत.’ हा नेमका आक्षेप. त्याला उत्तर द्यायचं तर साप सोडून ठिबकच्या खर्चाबद्दल आणि ते किती वावरांत आहे याबद्दल बोलावं लागतं. आक्षेप लिहिताना मुलांना मी एकच प्रश्न विचारते: कुठल्या चौकटीवर? सांगता आलं नाही तर तो आक्षेप अजून तयार नाही. ‘हे सगळं राजकारण आहे’ हे वाक्य कुठल्याच चौकटीला चिकटत नाही, हे मुलं स्वतःच शोधतात.

पुराव्याच्या चौकटीही तपासा. ‘पर्याय उपलब्ध आहे’ याखाली एकानं लिहिलं, ‘2017 मध्ये सरकारनं शेतीला दिवसा सौर वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली.’ योजना आणली हे खरं आहे. पण त्यावरून काय निघतं? सरकारला हे करण्याजोगं वाटलं, इतकंच. आपल्या फीडरवर, म्हणजे आपल्या भागाला वीज आणणाऱ्या वाहिनीवर, दिवसा वीज येते का, ही वेगळी चौकट, आणि तिचा पुरावा वेगळा. तसंच ‘आमच्या वस्तीवर चुलत्यांना साप चावला’ या एका घटनेनं असं घडू शकतं हे दिसतं. किती वेळा घडतं ते नाही. मी ती चौकट खोडत नाही. तिच्याबरोबर जेवढं सिद्ध होतं तेवढंच लिहायला लावते.

सरावाबद्दल थोडं. अग्रलेखापासून सुरुवात करू नका, त्यात आडवळणं फार असतात. वर्तमानपत्रातलं वाचकाचं छोटं पत्र घ्या, दहा-बारा ओळींचं. आधी शेवट शोधा: लेखकाला आपण काय मान्य करावं असं वाटतंय? ते वर. मग दोघांनी वेगवेगळे नकाशे काढायचे आणि अदलाबदल करून फरकावर बोलायचं. सगळं शिकणं त्या फरकात असतं. प्रिन्स्टनमध्ये विद्यार्थ्यांनी एक सेमिस्टर असा सराव केला आणि अमेरिकेतल्या कायद्याच्या प्रवेश परीक्षेतल्या तर्काच्या प्रश्नांत त्यांची प्रगती न शिकलेल्यांपेक्षा जास्त दिसली, असा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. एका दुपारच्या कार्यशाळेनं ते होत नाही. मी आठवड्याला एक नकाशा काढून घेते आणि त्याच दिवशी बघून देते, कारण आठ दिवसांनी परत दिलेली वही मुलं उघडत नाहीत.

चौकटीत ‘आणि’, ‘म्हणून’ असे शब्द आले तर ती तोडा, आत दोन विधानं लपलेली असतात. नकाशा पसरू लागला तर निष्कर्ष फार मोठा घेतला आहे. तो लहान करा. आणि दुसऱ्याचा युक्तिवाद मांडताना गिळलेली चौकट त्याला मान्य होईल अशीच लिहा. त्याच्या तोंडी मूर्खपणाचं वाक्य घालून ते पाडणं सोपं असतं, पण त्यातून आपल्याला काहीच कळत नाही.

त्या मुलीनं नकाशाची प्रिंट घरी नेली होती. तिच्या वडिलांनी रात्री जेवताना ती वाचली, आणि सकाळी ती माझ्याकडे पेन्सिलीनं वाढवलेली चौकट घेऊन आली. ठिबकच्या लाल चौकटीखाली वडिलांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘ठिबक आहे. तरी फिल्टर तुंबला किंवा डीपीवर फ्यूज गेला तर रात्रीच जावं लागतं.’