कोयता निघण्याआधीची गृहभेट

बीड, अहिल्यानगर, जालन्याच्या ऊसतोड पट्ट्यात शिक्षकांनी मुलांच्या घरी करायच्या गृहभेटीचा खरा महिना सप्टेंबर. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोयता घेऊन ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात, त्या मार्च-एप्रिलमध्येच परततात. बहुतेक घरांनी मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ मजुरी) सप्टेंबरपर्यंत घेतलेली असते. म्हणून "या वर्षी जाऊ नका" असं सांगणं व्यर्थ आहे, शिवाय ते त्या घराला लागतं. बोलायचं ते एवढंच: पोरगं कुठे राहणार?

आदल्या दिवशी मुलालाच सांगा, "उद्या घरी येणार आहे, तक्रार घेऊन नाही." हे न सांगितल्यास मूल धास्तावतं आणि आई-बाप दारातच माफी मागू लागतात. बाजाराचा दिवस टाळा. दिवस मावळल्यावर सातच्या सुमारास जा, दोघंच, त्यात एक शिक्षिका असावी. चौघं गेलात तर सरकारी चौकशी आल्यासारखं वाटतं. घरटी वीस-पंचवीस मिनिटं धरा; एका संध्याकाळी तीनच घरं होतात.

हजेरीपट नेऊ नका, मुलाची वही न्या. आईच्या हातात द्या, तिला वाचता येत नसलं तरीही. मुलाला त्यातलं एक पान मोठ्यानं वाचायला लावा. आई वहीवरून हात फिरवते, आजी पुढे सरकते. बोलणं तिथून सुरू होतं.

आजीशी नीट बोला, कारण मूल मागे राहिलं तर ते तिच्याच जिवावर. "आजी, सकाळी तुमच्यानं भाकरी होईल का? दुखलं-खुपलं तर कोण धावून येईल?" गावात हंगामी वसतिगृह (आई-बाप ऊसतोडीला गेल्यावर मागे राहिलेल्या मुलांची सोय) मंजूर झालेलं असेल तरच त्याचा शब्द द्या. मंजुरीआधी दिलेला शब्द फिरला, तर पुढच्या वर्षी ते घर तुमचं ऐकत नाही.

दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या घरी आधी विचारा, "धाकट्याला कोण बघतं?" तिला बहुधा त्यासाठीच सोबत नेतात. धाकट्याची सोय आजी, काकू, अंगणवाडी यांच्यात बसली, तरच ती गावात राहते.

त्यांच्यासमोर लिहू नका, फोटो काढू नका. बाहेर पडल्यावर टिपा: मूल कोणाकडे राहणार, चालू असलेला फोन नंबर, मुकादमाचं नाव, कारखाना, परतीचा महिना.

मूल सोबत जाणारच असेल तर पुस्तकं आणि शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाचं शिक्षण दुसऱ्या शाळेत चालू राहावं म्हणून शाळा देते ते कार्ड) निघण्याआधी हातात द्या. पालकांना स्पष्ट सांगा: 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार, शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून तिथली सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, आणि वयानुरूप वर्गात बसवणं तिचं काम आहे.

टोळी गेल्यावर आठ दिवसांच्या आत आजीकडे पुन्हा जा. तिथूनच मुलाला आईशी फोनवर बोलायला द्या.