मनाच्या गोळ्या घ्यायच्या की नाही? ठरवताना या चुका टाळा

सोलापुरात पूर्व भागात माझं मेडिकल आहे. चिठ्ठी पुढे सरकवून, आवाज खाली करून विचारतात, "अण्णा, ही डोक्याची गोळी चालू करू का नको?" डॉक्टरांना विचारलंत का? नाही, लाज वाटली म्हणे.

सगळ्यात जास्त डोकं उठवणारी चूक म्हणजे बरं वाटलं की परस्पर बंद. यंत्रमागावरचा एक गडी नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम घेत होता. पहिले पंधरा दिवस "काही फरक नाही" म्हणून कुरकुर. मी म्हणायचो, थांब जरा, या गोळीला दोन ते चार आठवडे लागतात. महिन्याभरात झोप आली, जेवण जाऊ लागलं. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, तोंडावर त्याने सगळं बंद केलं. चौथ्या दिवशी दुकानात आला तो भिंत धरून. चक्कर, मळमळ, मान वळवली की डोक्यात करंट. "सवय लागली की वो मला!" सवय नव्हती ती. शरीराला ती गोळी अंगवळणी पडलेली, ती एकदम काढली की असं होतं. डॉक्टरांनी परत चालू केली आणि पुढे हळूहळू कमी करत सोडवली. नैराश्याचा पहिलाच झटका असला तरी बरं वाटल्यावर साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात. गड्डा दर वर्षी येतो.

दुसरी चूक "ती मोठी गोळी राहू द्या, नुसती झोपेची द्या." अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम त्याच रात्री काम करतात, म्हणून घाईच्या माणसांच्या लाडक्या. खरी सवय यांची लागते, तीही काही आठवड्यांत. वर दारू घेतली तर श्वास मंदावू शकतो. शेजारणीची अर्धी गोळी घेणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. चिठ्ठीशिवाय मी देत नाही; गिऱ्हाईक पुढच्या दुकानात गेलं तर जाऊ दे.

त्रास हलका असेल तर कधी कधी नुसतं समुपदेशनही पुरतं. झोप, भूक, काम सगळंच बसलं असेल तर गोळीला नाक मुरडू नका. दोन्ही एकत्रही चालतं.

मी चिठ्ठीच्या मागे तीन प्रश्न लिहून देतो: आजार कोणता, फरक कधी पडेल, बंद कशी करायची? उत्तरं डॉक्टरांकडून आणायची.

थायरॉईड तपासलंय का, विचारा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर आधीच सांगा. कधी झोप न लागता अंगात भलताच उत्साह चढला असेल, तर तेही सांगा. अशांना नुसती नैराश्याची गोळी उलटू शकते.

लिथियम (मनाचे चढउतार आवरणारी गोळी) घेणाऱ्यांनी मे महिन्यात पाणी पिणं कमी करू नये, दुखण्यावर आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नये. रक्तातलं लिथियम वाढतं.

पंचविशीच्या आतल्या पोरांवर नैराश्याची गोळी चालू केल्यावर पहिले काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावं. मरणाचे विचार बोलून दाखवले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रात्र असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, फुकट आहे.