नेटवर्क कार्डाचे फर्मवेअर कमांडने रिसेट कसे करावे

मेलानॉक्स कंपनी २०२० मध्ये एनव्हिडियाकडे गेली, तरी तिच्या कनेक्ट-एक्स नेटवर्क कार्डांचे फर्मवेअर (कार्डाच्या आतले मूळ सॉफ्टवेअर) रिसेट करणारी कमांड आजही ‘एमएलएक्स-एफडब्ल्यू-रिसेट’ याच नावाने चालते. कनेक्ट-एक्स-४ आणि त्यापुढील कार्डांवर नवे फर्मवेअर चढवले की ते प्रत्यक्ष सुरू करण्यासाठी ती वापरतात.

रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याने, कार्डाची साधने सुरू करणारे ‘एमएसटी स्टार्ट’ द्यावे, ‘एमएसटी स्टेटस’मधून कार्डाचे नाव टिपून घ्यावे आणि ‘फ्लिंट’ या फर्मवेअर तपासणाऱ्या साधनाच्या क्वेरीत (चौकशीत) कार्डावर लिहिलेली व चालू अशा दोन वेगळ्या आवृत्त्या दिसतात का, ते पाहावे. नवे फर्मवेअर चढवूनही चालू आवृत्ती जुनीच दिसत असेल, तर रिसेट बाकी आहे.

येथेच एक सल्ला हमखास मिळतो: ‘एमएलएक्स-कॉन्फिग’ या सेटिंग्जच्या कमांडला रिसेट द्या. कृपया देऊ नका. त्या कमांडने कार्डाच्या सेटिंग्ज मूळ पदावर जातात आणि एसआर-आयओव्हीसारखी (एका कार्डाचे अनेक आभासी भाग करणारी) तुम्ही बसवलेली घडी मोडते. आपल्याला फक्त फर्मवेअर नव्याने सुरू करायचे आहे, सेटिंग्ज पुसायच्या नाहीत.

आता खरी अवघड पायरी. रिसेट होताना ड्रायव्हर उतरतो आणि कार्ड काही काळ यंत्रापासून तुटते, त्यामुळे ज्या कार्डावरून तुम्ही एसएसएचने (दुरून सर्व्हरवर काम करण्याच्या जोडणीने) आत आला आहात तेच रिसेट करणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणे होय. हे मला ठाऊक होते. म्हणून साताऱ्यात बसून सांगली जिल्ह्यातील एका कारखान्याच्या सर्व्हरवर काम करताना मी दुसऱ्या पोर्टवरून आत शिरलो आणि निश्चिंत झालो. चूक अशी की दोन्ही पोर्ट एकाच कार्डाचे, म्हणजे एकाच चिपचे होते. एक पोर्ट वाचवून दुसरा रिसेट करता येत नाही. दोन्ही एकदम गेले, कमांड माझ्या तुटलेल्या सेशनबरोबर मधेच मेली आणि पहाटेच्या एसटीने कराडमार्गे जाऊन मला सर्व्हरचे बटण स्वतःच्या हाताने दाबावे लागले. त्या दिवसापासून माझा नियम ठरलेला आहे: मदरबोर्डवरील स्वतंत्र पोर्टवरून किंवा आयपीएमआयच्या (सर्व्हर दुरून सांभाळणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेच्या) कन्सोलवरून आत यावे, आणि कमांड सेशन जिवंत ठेवणाऱ्या ‘टीमक्स’मध्येच चालवावी, म्हणजे जोडणी तुटली तरी काम मधे थांबत नाही. कोणते पोर्ट एकाच कार्डाचे आहेत हे यंत्राला जोडलेल्या कार्डांची यादी देणाऱ्या ‘एलएसपीसीआय’ कमांडमध्ये कळते: पत्त्यातील टिंबानंतरचा शेवटचा अंक सोडून बाकी सारे जुळत असेल, तर सहसा ते एकच कार्ड असते.

या कार्डावरून नेटवर्क ड्राइव्ह जोडलेले असतील तर ते आधी उतरवावेत, आणि कार्डाचे आभासी भाग घेतलेली व्हर्च्युअल मशिन बंद करावीत. ‘होईल सारे आपोआप’ असे सांगणाऱ्याने अडकलेला एनएफएस (नेटवर्क ड्राइव्हचा एक प्रकार) पाहिलेला नसतो.

मग ‘एमएलएक्स-एफडब्ल्यू-रिसेट’ला क्वेरी देऊन कार्ड कोणत्या पातळीचे रिसेट स्वीकारते ते वाचावे. पातळी ३ म्हणजे ड्रायव्हर व पीसीआय (कार्ड आणि मदरबोर्डमधील जोडणी) दोन्हींचा रिसेट. ती उपलब्ध असेल तर सर्व्हर रीबूट करावा लागत नाही. ती नसेल तर हट्ट न धरता पातळी ४, म्हणजे रीबूट, स्वीकारावी. नुसता ड्रायव्हर काढून पुन्हा घालण्यावर विसंबू नये.

आता त्याच कमांडला निवडलेल्या पातळीचा रिसेट द्यावा, प्रश्नाला ‘वाय’ म्हणावे आणि पडद्यावरील प्रत्येक ओळीपुढे ‘डन’ येईपर्यंत कशालाही हात लावू नये.

शेवटी ‘फ्लिंट’ला पुन्हा विचारावे, चालू आवृत्ती नवी दिसली की उतरवलेले ड्राइव्ह आणि मशिन परत जोडावीत.