देवदूत आणि जमाखर्च: मध्ययुगीन कातालान वाचू पाहणाऱ्यांसाठी

मध्ययुगीन कातालान (स्पेनच्या कातालोनिया, व्हॅलेन्सिया आणि मायोर्का बेट या भागांतली भाषा) म्हटलं की सहसा तेराव्या शतकातला तत्त्वज्ञ-लेखक रामोन ल्युल याच्यापासून सुरुवात करायला सांगतात. मी आधी फ्रान्सेस्क एशिमेनिस या फ्रान्सिस्कन साधूचा ‘देवदूतांचा ग्रंथ’ (१३९२) हातात देईन. ल्युलचाही याच नावाचा ग्रंथ आहे, त्यामुळे ग्रंथालयात मागणी नोंदवताना लेखकाचं नाव न विसरता घाला. एशिमेनिसचं गद्य सुटसुटीत आहे, कारण तो लॅटिन न जाणणाऱ्या लोकांसाठी लिहीत होता.

ग्रंथ अर्पण केलाय पेरे द’आर्तेसला. हा गृहस्थ म्हणजे अरागोनच्या राजाच्या जमाखर्चाचा मुख्य तपासनीस! हे ध्यानात ठेवलं की पुस्तकाचा नूरच पालटतो. पाच भागांपैकी दुसऱ्यात देवदूतांच्या नऊ श्रेणी येतात. अगदी वर सेराफिम, मग करूबिम, आणि उतरत उतरत तळाशी साधे देवदूत. नवखा वाचक इथेच कंटाळून पानं उलटतो. उलटू नका. ही उतरंड राजदरबाराची आहे: राजाच्या निकट कोण, कुणाचा हुकूम कुणावर चालतो, राज्यांची राखण कुणाकडे. एशिमेनिस १३८३ पासून व्हॅलेन्सियात राहत होता आणि त्याच वर्षी तिथल्या नगरकारभाऱ्यांसाठी त्यानं राज्यकारभारावर एक ग्रंथ लिहून दिला होता. १३९१च्या जुलैत याच शहरात ज्यूंची वस्ती लुटली गेली, माणसं मारली गेली. वर चर्चमध्ये दोन पोपांचं भांडण चालूच. अशा काळात शहराला स्वतःचा रक्षक देवदूत असतो, हे सांगणं निव्वळ भाविकपणाचं राहत नाही. मायोर्का बेटावरच्या पाल्मा शहरी गेलात तर व्यापाऱ्यांच्या जुन्या बाजारवास्तूचं दार पाहा. गियेम साग्रेरा या शिल्पकारानं घडवलेला देवदूत तिथे व्यापाराचा रक्षक म्हणून उभा आहे.

तयारीचं बोलायचं तर स्पॅनिश येत असेल तर निम्मं काम झालं. आल्कोव्हेर आणि मोल यांचा मोठा कोश इंटरनेटवर फुकट आहे, तो सतत उघडा ठेवा. कुठलं हस्तलिखित कुठे आहे हे ‘बिटेका’ या सूचीत सापडतं. मूळ पानं वाचताना शब्द आखडून लिहिण्याच्या खुणांची सवय करावी लागते: ‘पी’ या अक्षराच्या दांड्याला खाली आडवी रेघ दिसली की ‘पेर’ वाचायचं. मोडी वाचणाऱ्यांना अशा खुणांचं भय वाटू नये.

आणि हो, व्हॅलेन्सियात कुणाशी बोलताना भाषेला ‘कातालान’ म्हणण्याआधी समोरचा काय म्हणतो ते ऐका. तिथे तिला ‘व्हॅलेन्सियन’ म्हणतात, आणि हा विषय नाजूक आहे.

प्रबंधाला विषय शोधत असाल तर भाषांतरांकडे वळा. जिनिव्हात छापलेलं पहिलं पुस्तक म्हणजे याच ग्रंथाचं १४७८चं फ्रेंच भाषांतर. कातालानमधली छापील आवृत्ती बार्सेलोनात निघाली ती १४९४ साली.